‘आमच्या वेळी’ची गाठ आधी सोडवा

ताई,

मी न्यू जर्सीत वाढलो, आता चौतिशीत आहे, दोन लहान मुलं आहेत. कॉलेजात असताना दक्षिण आशियाई मुलांच्या एका फ्रॅटर्निटीत होतो. आमच्या जुन्या चॅप्टरसाठी माजी सदस्यांचं सल्लागार मंडळ उभं करायचं असं मुख्यालयाने ठरवलंय आणि मला त्याचा प्रमुख केलंय. माझ्याबरोबर आणखी पाच जण आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी त्यांचं प्रशिक्षण मी घ्यायचं आहे. त्यासाठी 92 स्लाइड्स आल्या आहेत. विमा, दारूचे नियम, हेझिंगची व्याख्या, सगळं आहे त्यात. दोनदा वाचूनही मी त्यांना नेमकं काय शिकवणार ते मला कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. पाचातला एक माझा ‘बिग’ आहे, म्हणजे मी नवीन असताना ज्याच्या हाताखाली मला दिलं होतं तो. त्याने मला दोन रात्री झोपू दिलं नव्हतं, तळघरात भिंतीला तोंड करून उभं ठेवलं होतं, वरून दारू पाजली होती. आज तो मला सख्ख्या भावासारखा आहे. आईच्या आजारपणात रोज डबा घेऊन यायचा. आता त्यालाच ‘हेझिंग म्हणजे काय’ हे मी शिकवायचं? आई म्हणते, नोकरी आणि मुलं सांभाळून ही उठाठेव कशाला. काय करू?

– एक वाचक, एडिसन

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यातच आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी ओहायोतल्या एका कॉलेजात शिकवत होते आणि तेरा वर्षं तिथल्या एका चॅप्टरची फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर होते. त्या काळात माजी सदस्यांची सल्लागार मंडळं बनताना पाहिली आणि विरतानाही पाहिली. विरली ती बहुतेक एकाच कारणाने. मंडळावरचे लोक चाळिशीचे झाले होते, पण चॅप्टरच्या दारातून आत पाऊल टाकलं की पुन्हा वीस वर्षांचे व्हायचे. आणि मग ते वाक्य यायचं: “आमच्या वेळी तर…”

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या या विद्यार्थी-बंधुसंघटना अमेरिकेत दोनशे वर्षांपासून आहेत. आपल्याकडच्या मुलांच्या वेगळ्या फ्रॅटर्निटी मात्र गेल्या शतकाच्या शेवटी निघाल्या: 1996 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्मा बीटा ऱ्हो, 1998 मध्ये ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय, आणि अशा आणखी काही. प्रत्येक कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात. नवीन मुलगा काही आठवडे उमेदवार असतो आणि नंतर त्याला रीतसर आत घेतात. त्या आठवड्यांत त्याच्याकडून जे करून घेतलं जातं, त्यातलं अपमानाचं आणि धोक्याचं ते हेझिंग. ‘म्हणजे रॅगिंगच की’ असं आपल्याला लगेच वाटतं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 पासून कायदाही आहे. पण एक फरक ध्यानात ठेवा. रॅगिंग होणाऱ्या मुलाला तिथून पळून जायचं असतं. हेझिंग होणाऱ्या मुलाला आत यायचं असतं. म्हणून तो सोसतो, हसतो, ‘मीच हो म्हणालो’ असं सांगतो, आणि पुढच्या वर्षी तेच दुसऱ्याला करतो. न्यू जर्सीचा कायदा त्याची ही संमती बचाव म्हणून धरत नाही, आणि ते योग्यच आहे.

तर तुमचा बिग. तळघर त्याने शोधून काढलेलं नव्हतं. त्यालाही कुणीतरी तिथे उभं केलं असणार. आणि नंतर तोच माणूस तुमच्या आईसाठी डबे घेऊन आला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तुमच्या मनात त्या एकमेकींना चिकटून बसल्यात. ‘त्या रात्रींमुळेच आम्ही भाऊ झालो’ असं तुम्हाला कुठेतरी वाटत असेल. मला तसं वाटत नाही. तुम्ही भाऊ झालात ते नंतरच्या बारा-तेरा वर्षांनी. ही गाठ तुमची स्वतःची सुटल्याशिवाय त्या खोलीत उभं राहून तुम्ही कुणालाही काही शिकवू शकणार नाही. तुम्ही स्लाइड दाखवाल आणि समोर तो बसलेला असेल. तुमची नजर त्याच्याकडे जाईल आणि तुमचा आवाज बदलेल. बाकीच्या चौघांना तेवढंच कळेल.

हे फक्त तुमच्या घरचं दुखणं नाही. मेन राज्यातल्या विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी 2008 मध्ये देशभरातल्या 53 शिक्षणसंस्थांमधल्या 11 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना हेझिंगबद्दल विचारलं होतं. त्यातला एक आकडा मी इतकी वर्षं विसरू शकलेले नाही. हेझिंगच्या चार प्रसंगांपैकी एका प्रसंगी माजी सदस्य तिथे हजर होते. सल्लागार किंवा प्रशिक्षकांना त्याची कल्पना होती, असंही चारातल्या एका प्रसंगाबाबत मुलांनी सांगितलं. म्हणजे ज्या गोष्टीवर उपाय म्हणून तुम्हाला नेमलंय, त्या गोष्टीत तुमच्यासारखीच माणसं उभी होती.

म्हणून पहिला तास स्लाइड लावू नका. प्रोजेक्टर बंदच ठेवा. सहा खुर्च्या गोल मांडा आणि प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या: माझ्याबरोबर काय झालं, आणि मी दुसऱ्याबरोबर काय केलं. दुसरा भाग महत्त्वाचा. पहिला भाग सगळे रंगवून सांगतात, त्यात थोडा अभिमानही असतो. दुसऱ्या भागाला आवाज खाली येतो. सुरुवात तुम्ही करा. तुम्हीही कुणाचे तरी बिग झाला असणारच, तुमच्याही हाताखाली एखादा ‘लिटल’ आला असणार, पण पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. ते आधी स्वतःशी आठवा.

माझ्या समोर एका मंडळाने हे केलं तेव्हा एक गृहस्थ बोलता बोलता थांबले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, दोन मुलांचे वडील. म्हणाले, “त्याचं नाव आठवत नाही मला. मी त्याला रडवलं होतं आणि त्याचं नावच आठवत नाही.” त्यानंतर त्या खोलीत ‘आमच्या वेळी’ हे शब्द कुणी काढले नाहीत. पुढे पाच वर्षं त्या मंडळातले सगळ्यात भरवशाचे सल्लागार तेच होते.

आता पहिला प्रश्न. काय शिकवायचं?

टिम पियाझाचं नाव तुम्हाला माहीत असेल, तो न्यू जर्सीचाच मुलगा. 19 वर्षांचा होता. 2 फेब्रुवारी 2017 च्या रात्री पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात नव्या मुलांचं स्वागत होतं. त्याला थोड्या वेळात भरपूर दारू पाजली आणि तो तळघराच्या जिन्यावरून पडला. मुलांनी त्याला उचलून कोचावर ठेवलं. 911 ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन गेला तो जवळजवळ बारा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. 4 तारखेला तो गेला. ते घर कागदावर दारूमुक्त होतं. भिंतींवर कॅमेरे होते. नियमांची कमी नव्हती. आणि एक तपशील असा की त्या रात्री मुलांनी त्याच्या पाठीला वजन भरलेली सॅक अडकवली होती, उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून. म्हणजे हा मुलगा मरू शकतो, हे त्या मुलांना कळत होतं. सॅक शोधण्याइतकं कळत होतं. फोन करण्याइतकं धैर्य मात्र नव्हतं.

त्याच्या नावाने पेनसिल्व्हेनियात 2018 मध्ये आणि न्यू जर्सीत 2021 मध्ये कायदे झाले. डिसेंबर 2024 मध्ये देशपातळीवरचा पहिला हेझिंगविरोधी कायदा आला. आता कॉलेजांना हेझिंगचे आकडे जाहीर करावे लागतात आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावंही. हे तुमच्या स्लाइड्समध्ये असेल आणि ते सांगायलाच हवं. पण कायद्याची भीती रात्री दोन वाजता उलट बाजूनेही काम करते. घाबरलेला मुलगा फोन करत नाही, तो सॅक शोधतो.

त्यामुळे तुमच्या पाच जणांनी शिकायची गोष्ट ही आहे: रात्री दोन वाजता एकोणीस वर्षांच्या मुलाने आधी 911 ला आणि लगेच नंतर तुम्हाला फोन करावा, असा माणूस आपण कसं व्हायचं. बाकी सगळं याच्या मागून.

हे स्लाइड वाचून येत नाही. तालीम करावी लागते, गणपतीच्या नाटकाची करतो तशी, मोठ्याने बोलून. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, म्हणजे फोनवरच्यासारखं एकमेकांचं तोंड दिसणार नाही. एक जण चॅप्टरचा अध्यक्ष, दुसरा सल्लागार. अध्यक्ष म्हणतो, “सॉरी, उशीर झालाय, सहज विचारायचं होतं.” सहज म्हणून रात्री दोनला कुणी विचारत नाही. सल्लागाराचं पहिलं वाक्य काय असावं? तुमचे पाचही जण विचारतील, “काय झालं? कुणी केलं?” चूक. पहिलं वाक्य: “तो श्वास घेतोय का?” दुसरं: “911 ला लावलास का? नसेल तर हा फोन ठेव, आधी तो लाव, मग मला परत कर.” तिसरं: “त्याच्याजवळ कोण आहे? त्याला एकटं सोडू नका.” कोणी, का, किती, हे सगळं सकाळी. ही तीन वाक्यं तोंडात बसेपर्यंत म्हणून घ्या. मोठमोठे डॉक्टर-इंजिनियरसुद्धा पहिल्या दोन खेपांना अडखळतात.

मग सगळ्यांना जमिनीवर बसवा. एकाला कुशीवर झोपवायचं: वरचा गुडघा वाकवून पुढे, वरचा हात गालाखाली, तोंड किंचित खालच्या बाजूला, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. सगळ्यांनी हाताने करून बघायचं. घड्याळ लावून श्वास मोजायचे. मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंद नाहीतर जास्त अंतर, अंग गार, ओठ निळसर, हलवून जाग येत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णवाहिका. ‘झोपू दे, उतरेल’ या समजुतीने मुलं गेली आहेत. शेवटचा घोट घेतल्यानंतरही रक्तातलं दारूचं प्रमाण काही वेळ वाढतच राहतं, त्यामुळे झोपलेला मुलगा झोपेतच जास्त बिघडू शकतो. कॉफी नाही, थंड पाण्याचा शॉवर नाही. मदत बोलावणाऱ्याला कारवाईपासून काही संरक्षण देणारे नियम बहुतेक राज्यांत आहेत. तुमच्या राज्यात आणि तुमच्या कॉलेजात ते नक्की कुणाला आणि कशापासून वाचवतात, हे पाचही जणांना तोंडपाठ हवं, कारण फोनवरचा मुलगा हेच विचारणार.

तिसऱ्या तासाला दुसरा फोन. हा दुपारचा आणि तातडीचा नसलेला. माझ्याकडे असा प्रश्न प्रत्यक्ष चालत आला होता आणि मी तो चुकवला होता, म्हणून सांगते. माझ्या तिसऱ्या वर्षी एक मुलगा ऑफिसात आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “समजा एखाद्या चॅप्टरमध्ये नवीन मुलांचे फोन आठवडाभर काढून घेत असतील, तर ते नियमात बसतं का?” मी त्याला नियम सांगितला. पुस्तिका काढून पान दाखवलं. वीस मिनिटं बोलले आणि आपण छान मार्गदर्शन केलं या समाधानात राहिले. तो ‘थँक यू’ म्हणून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. वर्ष संपताना कळलं, त्याच्या खोलीतला मित्र सेमिस्टर सोडून घरी गेला होता. त्या मुलाला नियम माहीत होता. मी ‘तुझ्या चॅप्टरमध्ये?’ एवढे दोन शब्द विचारावेत म्हणून तो आला होता.

तेव्हा ही तालीमही करा. ‘समजा’ने सुरू होणारा प्रश्न आला की उत्तर द्यायचं नाही, शांतपणे विचारायचं: “हे कुणाचं चाललंय?” आणि गप्प बसायचं. ते गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. आणखी एक, “कुणाला सांगणार नाही” असं वचन कधीही द्यायचं नाही. “मला हे पुढे सांगावं लागेल, पण तुझ्याबरोबर बसून सांगू, तुला एकटं पाठवणार नाही,” असं म्हणायचं. विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी कार्यालयात कुणाला आणि मुख्यालयात कुणाला सांगायचं, ती दोन नावं आणि नंबर त्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

विम्याच्या स्लाइड्स वीस मिनिटांत उरका. नियमात राहून काम केलं तर विम्याचा आधार, नियम मोडण्यात सामील झालात तर नाही, एवढा गाभा पुरतो. बाकी छापील द्या.

पैशांचा भाग मात्र उरकू नका. मंडळं इथे कंटाळतात आणि चॅप्टर इथेच सडायला लागतं. तुमच्या खजिनदाराला विचारा, वर्गणी कुठे जमा होते. नव्याण्णव टक्के उत्तर येईल: त्याच्या स्वतःच्या व्हेन्मोवर, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर. वाईट हेतू नसतो. मागच्याने तसंच केलं म्हणून यानेही केलं. पण मग मागच्या शुक्रवारची दारू चॅप्टरच्या पैशाने आली का, हे कुणीच सांगू शकत नाही. चॅप्टरच्या नावाचं बँक खातं, दोन सह्या, महिन्याला एकदा सल्लागाराबरोबर स्टेटमेंट बघणं. आणि करखात्याचं विवरण: वर्षाची जमा साधारण 50 हजार डॉलरच्या आत असेल तर 990-एन नावाचं छोटंसं ऑनलाइन कार्ड भरायचं असतं, दहा मिनिटांचं काम. ओळीने तीन वर्षं राहिलं तर करसवलत आपोआप रद्द होते. राहतं ते आळसामुळे नाही. दरवर्षी पदाधिकारी बदलतात आणि कुणी कुणाला सांगत नाही. चॅप्टरची आठवण फार तर दोन वर्षांची असते. तिच्यापेक्षा लांबची आठवण ठेवणारं तिथे तुमच्याशिवाय कुणी नसतं.

म्हणून पाच जणांनी चॅप्टरमधले पाच पदाधिकारी वाटून घ्या. एकाने अध्यक्ष, एकाने खजिनदार, एकाने नव्या मुलांचं शिक्षण बघणारा, एकाने सुरक्षिततेची जबाबदारी असलेला, एकाने नवीन भरती. सगळ्यांनी मिळून अध्यक्षालाच फोन करायचे नाहीत. बिचारा आधीच बुडालेला असतो. ज्याच्या वाट्याला जो मुलगा, त्याच्याशी दर आठवड्याला दहा मिनिटं, आणि त्यातली पहिली पाच अभ्यासाची, घरची, जेवणाची. चॅप्टरच्या बैठकीला महिन्यातून एकदा जा, सुरुवातीला बसा, मग उठून या. पार्टीला जाऊ नका, ‘नुसतं डोकवायला’सुद्धा नको, आणि शिकणाऱ्या मुलांबरोबर एक बिअरही घेऊ नका, मुलगा 21 चा, म्हणजे दारूच्या कायदेशीर वयाचा असला तरी. ज्याला हे जमणार नाही तो वाईट माणूस नाही. त्याला मुलांचे रेझ्युमे तपासायला द्या, इंटर्नशिपसाठी ओळखी करून द्यायला सांगा. सल्लागार मात्र करू नका.

तुमच्या चॅप्टरचं स्वतःचं घर नसेल, आपल्या मुलांच्या बऱ्याच चॅप्टरचं नसतं. मग जे काही होतं ते चार मुलांनी मिळून भाड्याने घेतलेल्या अपार्टमेंटमध्ये होतं, आणि ‘ते तर कॅम्पसबाहेर’ असं ऐकू येतं. चॅप्टरची मुलं जिथे चॅप्टर म्हणून जमली तिथे जबाबदारी आली. हे त्या शनिवारी सरळ शब्दांत सांगा.

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी रास्त आहे: आठवड्याचे दोन-तीन तास जातील आणि काही रात्री झोपमोड होईल. मुलं लहान असताना हे दोन वर्षांपुरतंच घ्या आणि मुदत आजच लिहून द्या. पण त्यांना हेही सांगा की त्या कॉलेजात या ऑगस्टमध्ये जी मुलं येतील त्यांतल्या कित्येकांच्या आया अशाच एडिसनमध्ये, परसिपनीत, नाहीतर थेट पुण्यात बसून मुलाचा फोन कधी येतो याची वाट बघत असतील.

आता बिगशी बोलणं. प्रशिक्षणाच्या दिवशी नको आणि सगळ्यांसमोर तर नकोच. आदल्या आठवड्यात त्याच्या घरी जा, शक्यतो चालायला बाहेर काढा, कारण चालताना एकमेकांकडे बघावं लागत नाही. तक्रार म्हणून बोलू नका, ‘माफ केलं’ असंही म्हणू नका. म्हणा, “शनिवारी पहिला तास आपण सगळे आपापलं सांगणार आहोत. मी त्या तळघराचं सांगणार आहे आणि नंतर मी माझ्या लिटलला काय केलं ते सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून आलो.” मग थांबा. तो हसण्यावारी नेईल कदाचित, “अरे, किती जुनं काढतोयस” म्हणेल. पुन्हा एकदा शांतपणे तेच सांगा. तो गप्प झाला आणि बराच वेळ गप्प राहिला, तर त्याला मंडळावर घ्या आणि नव्या मुलांच्या शिक्षणाचं पद त्याच्याकडेच द्या. दुसऱ्यांदाही हसला, तर रेझ्युमेचं काम त्याच्याकडे, आणि ते तुम्हीच सांगायचं, मुख्यालयाच्या ईमेलमधून नाही.

काय झालं ते मला सप्टेंबरात लिहा. नाव नको, नुसतं तो काय म्हणाला ते लिहा.